मुकादमाची गाडी

कुत्र्याची गाडी घरच्या घरी करायची, ही कल्पना माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत आजही विषय निघाला की सगळी बोटं माझ्याकडे वळतात. कल्पना वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअर काकांची. मी फक्त "बघू" म्हणालो होतो. पण काका निवृत्त आहेत, आणि निवृत्त इंजिनिअरसमोर "बघू" म्हणणं म्हणजे काम चालू करायला सांगण्यासारखंच असतं. मी जिना उतरून घरात येतोय तोवर ते मोजपट्टी घेऊन माझ्या पाठोपाठ दारात उभे होते.

माप घ्यायचं होतं मुकादमाचं. मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. लांबलचक पाठ, आखूड पाय आणि फरशीला टेकायला आलेले कान, अशी त्याची जात. त्याचं मूळ नाव काहीतरी गोड होतं, पण घरात आल्या आल्या त्यानं सगळ्यांच्या कामावर देखरेख सुरू केली, आईनं त्याला मुकादम म्हणायला सुरुवात केली, आणि तेच चिकटलं. तर या मुकादमाच्या पाठीच्या मणक्यातली चकती सरकली आणि मागचे दोन्ही पाय गेले. सकाळी सोफ्यावरून उडी मारून तो माझे बूट तपासायला आला होता, आणि दुपारी मागचं धड फरशीवर ओढत पाण्याच्या भांड्याकडे निघाला होता. ते मी रंगवून सांगणार नाही. इमारतीत विनोदी माणूस म्हणून माझी थोडी पत आहे, पण त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभा राहून रडलो. बायकोनं मला तिथे पकडलं तेव्हा तीही कुठूनतरी रडूनच आलेली होती.

डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पाठीचे एक्स-रे काढले, पाय चिमटून पाहिले, छाती तपासली आणि म्हणाल्या, "वय झालंय आणि हृदयही मोठं झालंय. ऑपरेशन मी सुचवणार नाही. औषधं देते, दुखणं आटोक्यात येईल. पाय येतील असं धरून चालू नका."

"मग?" मी विचारलं.

"आता सक्तीची विश्रांती. उडी नाही, धावाधाव नाही, उगाच उत्तेजित होऊ देऊ नका. महिन्यानं आणा. तेव्हा मला एकच गोष्ट बघायचीय, याला जगण्यात रस आहे का. खाणं, माणसं, थोडी मजा. ते काहीच उरलं नसेल तर नुसता श्वास चालू ठेवायचा का, हे आपल्याला बोलावं लागेल."

बायकोनं मुकादमाचे कान हातानं झाकले. जणू तोच तेवढा ऐकत होता आणि आम्ही दोघं बहिरे होतो.

"उत्तेजित होऊ देऊ नका" एवढे शब्द आम्ही घरी आणले आणि आईनं त्यांचा कायदा केला. तिच्या हुकमानं मी दाराच्या बेलची तार काढली. मिक्सर कपाटात गेला. टीव्हीचा आवाज बंद झाला आणि आम्ही बातम्या नुसत्या बघू लागलो. आई पायांत मोजे घालून फिरू लागली, आणि शेवटी तिनं आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून कुजबुजत सांगितलं, "आजपासून या घरात कुणी आवाज चढवायचा नाही. मी कुणाबद्दल बोलतेय ते दोघांना कळलंय."

कळलं होतं. आमचं लग्न बोलकं आहे. दिवसातून एकदा कडाक्याचं भांडण झालं नाही तर आम्हाला चुकल्यासारखं वाटतं. विषय मोठा लागत नाही, पलंगावर टाकलेला ओला टॉवेलही पुरतो. पण आईच्या हुकमानंतर बायको तो टॉवेल उचलायची आणि माझ्याकडे बघून हसायची. ते हसू बघून माझ्या अंगावर काटा यायचा. मीही चहा गार मिळाला की "छान झालाय" म्हणायचो. घर इतकं गोड झालं होतं की त्यात राहवत नव्हतं.

मुकादम विश्रांतीसाठी आणलेल्या पिंजऱ्यात पडून असायचा. भिंतीकडे तोंड करून. समोर ठेवलेलं खायचा, पण मान न वळवता. मी "मुकादम" म्हटलं की एक कान हलायचा आणि पुन्हा पडायचा. समोरच्या वहिनी रोज सकाळी दार उघडून माझ्याकडे बघायच्या, भुवया उंचावून अगदी हलक्या आवाजात विचारायच्या, "आहे ना?" मी मान हलवायचो. त्या सुस्कारा सोडून दार लावायच्या. बिचाऱ्या काळजीनंच विचारायच्या, पण दिवसाची सुरुवात "आहे ना" नं झाली की मला ऑफिसपर्यंत तेच ऐकू येत राहायचं. त्यांचे सल्लेही रोज नवे असत. कोमट तेलानं चोळा. कोवळं ऊन द्या. त्याच्याशी चांगलं बोला. मी चांगलं बोलायला गेलो तर काय बोलावं सुचेना, तेव्हा मी त्याला पेपर वाचून दाखवला. हवामानाच्या अंदाजावर त्याला झोप लागली.

आता एक नाजूक विषय. मागचं धड गेलं की कुत्र्याला लघवीही आपली आपण होत नाही, हे मला माहीत नव्हतं. ती करवावी लागते. पोटाखालून दोन्ही हातांनी लघवीची पिशवी शोधायची आणि सावकाश, एकसारखी दाबायची. डॉक्टरबाईंनी एकदा करून दाखवलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही." मी मोठ्या आत्मविश्वासानं दाबलं. त्या म्हणाल्या, "ती आतडी आहेत." पुन्हा दाबलं. "तेही आतडंच." तिसऱ्यांदा बरोबर जागा सापडली आणि मुकादमानं माझ्या पॅंटवर पावती दिली. बायकोनं हात लावला की पिशवी सापडायची नाही, आईचे गुडघे खाली बसू देत नव्हते. त्यामुळे सकाळ, दुपार, संध्याकाळ हे खातं माझ्याकडे आलं. आम्ही ते गॅलरीत करायचो. मी गुडघ्यांवर बसून, मुकादमाला मागून कवेत घेऊन, आकाशाकडे बघत. समोरच्या इमारतीतल्या एका कुटुंबानं त्या महिन्यात पडदे बदलले. कशासाठी ते मी विचारलेलं नाही.

सकाळ-संध्याकाळ ठीक होतं. दुपारची अडचण होती, कारण दुपारी मी ऑफिसात असतो. मी विमा कंपनीत आहे. लोकांनी पाठवलेले आजारपणाचे दावे तपासणं हे माझं काम, आणि खोटा दावा वासावरून ओळखणारा माणूस म्हणून माझं तिथे नाव आहे. नियमाप्रमाणे दुपारी घरी जायची सवलत मिळते, पण घरात अवलंबून असलेलं माणूस आजारी असेल तर. मी साहेबांसमोर उभा राहिलो.

"कोण आजारी आहे?"

"घरातले ज्येष्ठ सदस्य," मी म्हणालो. कुत्र्यांच्या हिशोबानं मुकादम आईपेक्षाही मोठा होता, त्यामुळे हे खोटं नव्हतं.

"काय होतंय?"

"कमरेखालचं गेलंय, साहेब. लघवी हातानं करवावी लागते."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि ते तुम्ही करता? स्वतः?"

"दुसरं कोण करणार?"

साहेबांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "आजकाल कोण करतं हो एवढं." सवलत मिळाली. संध्याकाळपर्यंत ऑफिसभर मी आदर्श मुलगा झालो होतो. टपाल विभागातल्या बाईंनी तर आपल्या मुलाला फोन करून माझं उदाहरण दिलं, आणि मी शेजारीच उभा होतो. आई हा शब्द मी एकदाही उच्चारलेला नव्हता. त्यांनी तो उच्चारला तेव्हा मी फक्त खाली बघितलं, आणि त्यांनी तो नम्रपणा समजला.

इकडे मागच्या पायांच्या जागी चाकं देणाऱ्या गाडीचं काम जोरात होतं. सक्तीच्या विश्रांतीचे दिवस सरत आले होते, आणि "आता आधार देऊन थोडं उभं करा, गाडीही चालेल" असं डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितल्यामुळे काकांच्या अंगात आलं होतं. पाण्याचे प्लास्टिकचे पाइप, बाहुलीच्या बाबागाडीची चाकं आणि माझ्या जुन्या बॅगेचे पट्टे, एवढ्यावर काकांनी आराखडा काढला. पहिल्या गाडीचं माप त्यांनी मुकादम आडवा असताना घेतलं होतं. त्याला तिच्यात बसवलं तर मागचा भाग उंच हवेत आणि नाक फरशीला. काका म्हणाले, "तत्त्व बरोबर आहे." दुसऱ्या गाडीत उंची बरोबर झाली, पण चाकं इतकी गुळगुळीत फिरत होती की खालच्या लॉबीत ठेवल्या ठेवल्या ती मुकादमासकट उतारावरून निघाली आणि सेक्रेटरींच्या कुंडीला जाऊन थांबली. मुकादमाला काही झालं नाही. कुंडी गेली.

सेक्रेटरी कुंडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण वाढणार. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हे काय आहे?"

"कुत्रा आहे. आपला मुकादम."

"कुत्रा मला दिसतोय. मी चाकांचं विचारतोय. लॉबीच्या नव्या फरशीवर चाकांची वस्तू आणायला बंदी आहे. सायकली आपण त्याच नियमानं बंद केल्या."

"अहो, तो आजारी आहे."

"आजारी माणसाच्या चाकांच्या खुर्चीला परवानगी आहे. पण हा माणूस नाही. पाळीव प्राणी मागच्या लिफ्टनं न्यायचा असतो, आणि मागच्या लिफ्टमध्ये वाहन चढवता येत नाही." ते थोडे थांबले. "कमिटीपुढे ठेवावं लागेल."

कमिटीची बैठक झाली. मी, माझं वय, माझी नोकरी, सगळं बाजूला ठेवून एका बाकावर बसून राहिलो आणि आपला कुत्रा वाहन आहे की रुग्ण, यावर सात शहाणी माणसं वाद घालताना ऐकत होतो. काका माझे वकील. त्यांनी चाकांचा व्यास सांगून सगळ्यांना गप्प केलं. शेवटी असा निर्णय झाला की मुकादम लिफ्टमध्ये प्राणी, लॉबीत वाहन. लिफ्टमध्ये गाडी सोडवून त्याला कडेवर घ्यायचं, लॉबीत मात्र पार्किंगचं स्टिकर लावायचं. स्टिकर दुचाकीचं मिळालं. सेक्रेटरींनी ते स्वतःच्या हातानं पाइपवर चिकटवलं आणि वाकडं लागलं म्हणून काढून पुन्हा लावलं.

हे सगळं सांगताना मी हसतोय असं वाटेल. पण त्या दिवसांत मी रोज कॅलेंडर बघत होतो. महिना संपत आला होता. तिसरी गाडी अगदी नेमकी झाली होती, पट्टे मऊ होते, उंची बेताची, चाकं जराशी घट्ट. आणि मुकादम तिच्यात नुसता उभा राहायचा. कुणीतरी लावून विसरलेल्या वाहनासारखा. बिस्किट दाखवलं तरी पुढे येईना. माझ्याकडे बघायचा आणि मग सावकाश मान भिंतीकडे वळवायचा. बायको माझ्याकडे न बघता पट्टे सोडवायला मदत करायची.

डॉक्टरबाईंकडे जायच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटचा प्रयत्न म्हणून त्याला खाली लॉबीत नेलं. काका आणि समोरच्या वहिनी होत्याच. वहिनी म्हणाल्या, "त्याला करून दाखवा. लहान मुलांना नाही का आपण दाखवत?" मला ते पटलं, यावरून माझ्या मनाची अवस्था लक्षात यावी. मी ऑफिसच्या कपड्यांत हात आणि गुडघे टेकून मुकादमासमोर रांगू लागलो. "हे बघ. असं. पुढचा पाय, मग दुसरा." वहिनी टाळ्या वाजवत होत्या. काका वळणाची त्रिज्या सांगत होते. आणि माझ्यासमोर एकदम काळे, चकचकीत बूट आले.

मी वर बघितलं. साहेब होते. मागे टपाल विभागातल्या बाई, हातात फळांची टोपली.

"तुम्ही... काय करताय?" साहेबांनी विचारलं.

"कमरेचा व्यायाम," मी म्हणालो.

"करायलाच हवा. एवढं उचलणं-ठेवणं करायचं म्हणजे," बाई कळवळून म्हणाल्या. "आईंना भेटायला आलोय आम्ही. कळवलं नाही, म्हटलं तुम्ही नको म्हणाल."

मी नको म्हणालोच. आता झोपली असेल म्हणालो, संसर्ग म्हणालो, घराला रंग चाललाय म्हणालो. खोटे दावे तपासणाऱ्या माणसाला एक धड खोटं बोलता येऊ नये, याचं मला आजही वाईट वाटतं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "संकोच करू नका" म्हणाले आणि लिफ्टचं बटण दाबलं. मी एका काखेत मुकादम आणि दुसऱ्या काखेत गाडी घेऊन त्यांच्यामध्ये उभा राहिलो. आमच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडल्यावर, काहीतरी करायचं म्हणून, मी खाली बसून मुकादमाला पुन्हा गाडीत अडकवू लागलो. तेवढ्यात साहेबांनी दारावर टकटक केली.

दार आईनं उघडलं. एका हातात पाण्यानं भरलेली बादली, साडी खोचलेली, ताठ उभी.

साहेब दचकून मागे सरले. "अहो, तुम्ही कशाला उठलात?"

"बेल बंद आहे ना. मग उठायला नको?" आई म्हणाली.

"ती बादली खाली ठेवा आधी," टपालवाल्या बाई पुढे झाल्या. त्यांनी आईच्या कमरेला हात घातला आणि मायेनं विचारलं, "लघवी आता मोकळी होते ना?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या अख्ख्या आयुष्यात असा प्रश्न तिला कुणी दारात विचारला नव्हता. बायको मागून आली, तिच्या लक्षात सगळं एका क्षणात आलं, आणि ती ते टॉवेलवालं हसू हसली. हसतच तिनं पाहुण्यांना सांगितलं की आईंची तब्येत उत्तम आहे आणि कमरेखालचं गेलंय ते याचं. साहेबांनी मुकादमाकडे बघितलं. मुकादमानं भिंतीकडे बघितलं. टपालवाल्या बाईंनी टोपली खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "उद्या केबिनमध्ये या," एवढंच साहेब म्हणाले आणि दोघं जिन्यानंच गेले.

दार लागलं. बायको अजून हसत होती. मग ते हसू फुटलं.

"आईंना पांगळं करून टाकलंत ऑफिसात! लाज नाही वाटली?"

"मी आईचं नावसुद्धा घेतलं नव्हतं!"

"हो ना, तुम्ही कधीच काही म्हणत नाही! गाडीलाही तुम्ही फक्त 'बघू' म्हणालात! टॉवेल पलंगावर आपण होऊन चढतो!"

"टॉवेलचा इथे काय संबंध?"

"महिनाभर उचलतेय मी तो! हसत हसत!"

एक महिन्याचं तुंबलेलं होतं. आवाज चढत गेला. आम्ही पॅसेजमधून खोलीत कधी आलो ते कळलं नाही. चहा झाला, टॉवेल झाला, तिच्या भावाच्या लग्नात मी झोपलो होतो ते झालं. आणि मग बायको एकदम म्हणाली, "तुम्हाला तो हवाय म्हणून त्याला ठेवताय तुम्ही. त्याला काय हवंय ते बघा ना जरा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, आणि तुम्ही पाइप जोडत बसलाय!"

"आणि तू? तू तर मनातून त्याला कधीच सोडलंयस!" मी ओरडलो. "उद्या डॉक्टरांनी विचारलं की तू मान हलवणार, मला माहितीय!"

"हलवणार! हलवेन मी! कारण मला बघवत नाही!" ती रडत ओरडली. "तुम्हाला बघवतं?"

तेवढ्यात बाहेर खडखड झाली.

पॅसेजमध्ये मुकादम गाडीत अडकलेला तसाच राहिला होता. चाकांचा आवाज आला, दाराच्या चौकटीवर काहीतरी आदळलं, मागे सरकलं, पुन्हा आदळलं. मग एक चाक आत आलं, मग दुसरं. मुकादम भराभर पुढचे पाय टाकत खोलीत शिरला, आमच्या दोघांच्या बरोबर मधोमध येऊन उभा राहिला आणि भुंकला. आधी बायकोवर. मग मान वळवून माझ्यावर. कान पुढे आलेले, डोळे चमकत होते, छाती पुढे काढलेली.

आम्ही दोघं तोंड उघडं टाकून उभे होतो.

"थांबलात कशाला?" दारातून आई ओरडली. महिन्याभरात पहिल्यांदाच. "भांडा! बोला काहीतरी!"

"तू... तू टॉवेल..." मी म्हणालो.

"तुम्हीच तो टॉवेल..." बायको म्हणाली.

नाटक त्याला लगेच कळलं. त्यानं भुंकणं थांबवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग आई पुढे आली. तिला नाटक करायची गरज नव्हती. "मला पांगळी करून लोकांना बोलावून आणतोस होय रे? त्या बाईनं माझ्या कमरेत हात घातला!" मुकादम गरकन वळला. गाडी एका चाकावर झाली. आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिच्या वतीनं माझ्यावर भुंकत सुटला.

शेवटी आईच दमून पलंगावर बसली. "हे मला आधीच कळायला हवं होतं," ती म्हणाली. "तुमचं जुंपलं की हा नेहमी असाच मधे येऊन उभा राहायचा. मी खुर्चीतून बघायचे."

"आम्हाला कसं नाही दिसलं?" बायकोनं विचारलं.

"तुम्ही भांडत असायचात ना."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या टेबलावर मुकादम पोतं टाकल्यासारखा पडला. भिंतीकडे तोंड. बाईंनी पाय तपासले, पाठ तपासली. "दुखत नाहीये आता. पायांत काही फरक नाही. पण हे बघा," त्यांनी त्याची मान हलकेच आमच्याकडे वळवली. ती परत भिंतीकडे गेली. "हे मला आवडलेलं नाही."

मी घाईघाईनं आदल्या दिवशीचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "दाखवा," म्हणाल्या.

भांडा म्हटल्यावर भांडता येत नाही, हे ज्यानं प्रयत्न केलाय त्यालाच कळेल. मी बायकोकडे बघितलं. रात्रभर आम्ही दोघांनीही डोळा लावला नव्हता, तिचा चेहरा इतका ओढलेला होता की तिच्यावर रागवायचं कुठून. "तू फार वाईट आहेस," मी म्हणालो. "तुम्हीसुद्धा," ती म्हणाली. मुकादमाचा कानही हलला नाही. बाई पेन बंद करून वाट बघत होत्या, आणि त्या पेन बंद करण्याची मला अशी धास्ती बसली की मी म्हणालो, "सकाळी तू त्याला न्याहारी दिली असतीस तर त्याच्यात थोडा जीव असता!"

"काय?" बायको गरकन वळली. "दिली होती! माझ्या हातानं भरवली! तुम्ही आंघोळीत होतात, नेहमीसारखे! निघायला उशीर कुणामुळे झाला?"

"तुझ्यामुळे! पट्टे सापडत नव्हते, ते तूच धुवायला..."

"धुणार नाही तर काय? तुम्ही दाबता आणि घाण मी धुते!"

टेबलावर हालचाल झाली. मुकादमानं मान उचलली. मग पुढचे पाय रोवून अर्धं अंग वर घेतलं आणि दवाखाना हादरेल असा भुंकला. बाहेरच्या बाकावरच्या दोन माणसांनी आत डोकावून बघितलं. बाईंनी स्टेथोस्कोप त्याच्या छातीला लावला आणि दुसऱ्या हातानं आम्हाला खूण केली, चालू ठेवा. आम्ही चालू ठेवलं. आम्हाला थांबताच येत नव्हतं.

तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, "घेऊन जा घरी. आणि बेल जोडा ती."

बायको मटकन खुर्चीत बसली. मी मुकादमाला उचलून छातीशी धरलं. रात्रभर मी जे विचारणार नाही असं ठरवलं होतं ते तोंडातून गेलंच. "पण पुढे कधीतरी... ती वेळ आली की आम्हाला कळणार कसं?"

बाईंनी पेन उघडलं, गोळ्यांची नावं लिहिली आणि कागद माझ्या हातात दिला. "ज्या दिवशी तुम्ही दोघं मनापासून भांडत असाल आणि हा मान उचलणार नाही, त्या दिवशी मला फोन करा."

साहेबांचं सांगायचं राहिलं. त्यांनी मला केबिनमध्ये उभं केलं आणि विचारलं, "असा दावा तुमच्या टेबलावर आला असता तर मंजूर केला असता?" मी नाही म्हणालो. "मग मीही नाही," म्हणाले आणि सवलत काढून घेतली. टपालवाल्या बाई माझ्याशी अजून बोलत नाहीत. दुपारचं काम आता इंजिनिअर काका करतात आणि दाब किती द्यायचा यावर मला रोज नवं काहीतरी सांगतात.

घरात आता रोज भांडण होतं. सुरुवात कुणीही करतो. आवाज चढतो, आणि एका जागी आल्यावर आम्ही दोघंही नकळत थांबतो आणि पॅसेजकडे कान देतो. चाकांचा आवाज येईपर्यंतचा तो वेळ मला रोज नव्यानं सोसावा लागतो. परवा बायको विजेच्या दिव्यावरून ओरडली. दिवसभर दिवा चालू ठेवला होता मी. मी उलट ओरडलो. आम्ही थांबलो. आवाज आला नाही. बायको पुन्हा ओरडली, आधीपेक्षा मोठ्यानं, आणि तिचा आवाज मधेच चिरला. मीही ओरडलो. काहीच नाही. तिनं माझा हात घट्ट धरला. मला फोन कुठे ठेवलाय तेही आठवेना.

मग पॅसेजच्या त्या टोकाला कुठेतरी खडखडलं. सावकाश, थांबत थांबत, चौकटीला एकदा धडकून तो आत आला, आमच्या मधे उभा राहिला, धापा टाकत माझ्याकडे बघितलं आणि भुंकला.

"आणि गॅलरीतला दिवासुद्धा तुम्हीच चालू ठेवलात," बायको म्हणाली. हात तिनं सोडला नव्हता.